छळाचं घर सोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरा, जोडीदार किंवा सासरची माणसं यांच्या छळातून बाहेर पडू पाहणाऱ्या बायकांसाठी आणि त्यांना हात देणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. कायद्याचे संदर्भ भारतातले आणि व्यवस्थेचे तपशील मुख्यतः महाराष्ट्रातले आहेत. तुमचा फोन घरात कुणी तपासत असेल तर हे दुसऱ्या कुणाच्या फोनवर वाचा. आत्ता मारहाण चालू असेल तर वाचत बसू नका, पोलीस मदतीसाठी ११२ लावा. बोलता येत नसेल तरी फोन चालू ठेवा.

तो मारत नाही, पण पैसे देत नाही, फोन काढून घेतो, घालूनपाडून बोलतो. याला हिंसाचार म्हणतात का?

हो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाचा समावेश आहे. पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं, नोकरी सोडायला लावणं, दागिने परस्पर गहाण ठेवणं, मुलगी झाली म्हणून टोमणे मारणं हे सगळं त्यात येतं. पत्नी १८ वर्षांवरची असेल तर नवऱ्याच्या जबरदस्तीला आपला फौजदारी कायदा आजही बलात्कार मानत नाही, आणि हे आम्हाला अन्यायाचं वाटतं. तरीही २००५ च्या कायद्याखाली लैंगिक छळ म्हणून दाद मागता येते. त्यामुळे अर्ज लिहिताना लाजेपोटी तो भाग गाळू नका.

घर सोडलं तर घरावरचा हक्क जातो का?

नाही. सगळ्यात जास्त बायकांना याच भीतीने अडकवून ठेवलं जातं. ‘एकदा उंबरा ओलांडलास की संपलं’ हे वाक्य सासरचं असेल, कायद्याचं नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार सामायिक घरात (जिथे तुम्ही त्याच्यासोबत राहिलात त्या घरात) राहण्याचा हक्क घर कुणाच्या नावावर आहे यावर अवलंबून नाही. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा खटल्यात स्पष्ट केलं. छळामुळे बाहेर पडलेली बाई नंतरही निवासाचा आदेश मागू शकते. त्याच घरात परतायचं नसेल तर नवऱ्याने दुसरीकडच्या घराचं भाडं द्यावं, अशी मागणी करता येते.

बाहेर पडणं म्हणजे घटस्फोट नव्हे. घटस्फोटाचा निर्णय नंतर, डोकं शांत झाल्यावर घेता येतो.

निघायची तयारी कशी करायची?

जिवाला धोका असेल तर तयारी नाही, फक्त मुलं आणि तुम्ही. बाकी सगळं नंतर पोलिसांच्या मदतीने आणता येतं. थोडा वेळ हाताशी असेल तर आधी कागद बघा, कपडे नंतर.

आधार, पॅन, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे निकालपत्रक, तुमची शैक्षणिक प्रमाणपत्रं, लग्नाचा दाखला (तो नसेल तर पत्रिका आणि लग्नातले फोटो), रेशनकार्डाची झेरॉक्स, घराचा करारनामा किंवा लाइटबिल, दवाखान्याचे जुने केसपेपर. मूळ कागद एकदम गायब झाले की संशय येतो. म्हणून आधी एकेकाचा फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे पाठवा आणि आपल्या फोनमधून तो मेसेज काढून टाका. मूळ कागद शेवटच्या दिवशी उचला. नवऱ्याच्या उत्पन्नाचा पुरावा मात्र नंतर हाती लागत नाही. पगारपत्रक, आयकर विवरण, सातबारा, दुकानाचा परवाना, कर्जाचे हप्ते, जे दिसेल त्याचा फोटो आधीच घ्या. पोटगीच्या वेळी ‘मी बेकार आहे’ हेच उत्तर येतं आणि तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

तयार पिशवी घरात लपवू नका, सापडली तर त्याच रात्री प्रकरण पेटतं. ती शेजारी, कामाच्या ठिकाणी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. तुमची आणि मुलांची रोजची औषधं किमान १५ दिवसांची, मुलाचा एखादा लाडका खेळ, घराच्या किल्लीची जोड. पैसे नोटांमध्ये ठेवा, कारण यूपीआयचा प्रत्येक व्यवहार तुम्ही कुठे आहात ते सांगतो. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे लांबचा पल्लाही थोडक्या पैशांत गाठता येतो.

आता सिमकार्डाबद्दल, कारण तयारी इथेच सर्वाधिक फसते. पुष्कळ बायकांचं सिम नवऱ्याच्या नावावर असतं. तुम्ही निघालात की तो ते बंद करतो आणि बँक, आधार, जीमेल सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर अडकतात. खात्यात पैसे असूनही हातात काही येत नाही. म्हणून शक्य असेल तर निघण्यापूर्वी स्वतःच्या नावावर वेगळं सिम घ्या आणि स्वतःचं एकटीचं बँक खातं उघडा, जुन्या बँकेत नव्हे. आधारचा मोबाईल नंबर आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलता येतो, तिथे बोटांचे ठसे दिले की पुरतं, नवऱ्याची सही किंवा ओटीपी लागत नाही. लाडकी बहीणसारख्या योजनेचे पैसे ज्या खात्याला आधार जोडलेलं असतं त्यातच पडतात. ते खातं नवऱ्याच्या हातात असेल तर नव्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्या. मात्र नंबर बदलल्याचा मेसेज जुन्या नंबरवरही जाऊ शकतो, त्यामुळे हे काम अगदी शेवटी करा.

फोनवरून तो मला शोधू शकतो का?

शोधू शकतो, आणि त्यासाठी फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून दुसरा संगणक जोडलेला आहे का पाहा. गुगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग चालू आहे का बघा. जीमेल खातं त्याने उघडून दिलं असेल तर पासवर्ड बदलूनही उपयोग होत नाही, कारण पासवर्ड परत मिळवायचा नंबर त्याचाच असतो. त्यापेक्षा नवीन खातं काढा. मुलाच्या टॅबवर, मुलांच्या शाळेच्या ॲपवर, सामायिक टॅक्सी ॲपवरही पत्ता दिसतो. गाडी घेऊन निघालात तर फास्टॅगचा टोलचा मेसेज गाडीमालकाकडे जातो.

घरात असतानाच हे सगळं एकदम बंद करू नका. लोकेशन अचानक बंद झालं की त्याला कळतं. घरात फोन नेहमीसारखा राहू द्या, चौकशीचे फोन दुसऱ्याच्या फोनवरून करा आणि निघाल्यावर जुना फोन बंद करून सिम काढा. पण फोन पुसून टाकू नका, त्यातले मेसेज आणि ध्वनिमुद्रणं हा तुमचा पुरावा आहे.

जिवाला धोका आहे हे कसं ओळखायचं?

त्याने कधी गळा दाबला असेल, तर इतर कोणत्याही खुणेपेक्षा ही खूण गंभीर माना. पुढे जीव जाण्याची शक्यता त्यानंतर खूप वाढते. गळा दाबल्यावर बाहेरून वळ दिसेलच असं नाही. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, त्या क्षणी कपड्यात लघवी होणं, डोकं गरगरणं यातलं काहीही झालं असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. आतली सूज काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही वाढते.

इतर खुणा अशा: रॉकेल-पेट्रोलची किंवा हत्याराची धमकी, गरोदरपणात मारहाण, सतत संशय आणि पाठलाग, ‘तुला मारून मीही मरेन’ अशी भाषा, मारहाण वाढत जाणं. निघण्याचा दिवस आणि त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, कारण हातातून ताबा सुटतोय हे त्याला तेव्हाच कळतं. म्हणून ‘मी चालले’ असं तोंडावर सांगून निघू नका. शेवटची भेट, शेवटचं बोलणं एकांतात ठरवू नका.

माहेरचे ‘सांभाळून घे’ म्हणतात. मग जायचं कुठे?

१८१ ही महिलांसाठीची चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर असतं. तिथे साधारण ५ दिवस मुलांसह राहता येतं आणि पोलीस, दवाखाना, वकील, समुपदेशन यांची गाठ एकाच जागी घालून दिली जाते. मोठ्या मुलग्यांसाठी वयाची अट असते, ती फोनवरच विचारा. पोहोचल्यावरच कळलं तर ऐन रात्री मुलाची ताटातूट होते. जास्त दिवसांसाठी शक्ती सदन (पूर्वीचं स्वाधार गृह) आणि नोकरी असेल तर सखी निवास. निवारागृहात फोन वापरण्याचे, बाहेर जाण्याचे नियम कडक असतात, काहींना ते जाचक वाटतात. आधी विचारून घेतलं तर दुसऱ्याच दिवशी वैतागून सासरी परतण्याची वेळ येत नाही.

महाराष्ट्रात अनेक पोलीस ठाण्यांत आणि पोलीस मुख्यालयांत ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ आहे. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात त्याची सुरुवात केली. तिथे वर्दीतले पोलीस नसतात, प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या असतात. काही शहरांत महिलांच्या तक्रारींसाठी पोलिसांचा ‘भरोसा सेल’ आहे. मुंबईत पालिकेच्या रुग्णालयांमधला, छळ सोसणाऱ्या बायकांना समुपदेशन देणारा ‘दिलासा’ विभाग बाईला दवाखान्याच्या निमित्ताने, कुणाला न कळता गाठता येतो, आणि ज्यांना एकटीला फक्त दवाखान्यातच जाऊ देतात त्यांच्यासाठी तो फार मोलाचा आहे.

मुलांना घेऊन निघाले तर अपहरणाचा गुन्हा होतो का?

कोर्टाचा ताब्याबाबत आधीचा आदेश नसेल, तर आईने स्वतःचं मूल सोबत नेणं हे अपहरण नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार ५ वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. त्याहून मोठ्या मुलांबाबत कोर्ट मुलाचं हित पाहतं. मुलांना ‘दोन दिवसांनी घेऊन जाईन’ म्हणून मागे ठेवलं तर नंतर ताबा मिळवणं अवघड जातं, कारण मूल जिथे रुळलंय तिथेच राहू देण्याकडे कोर्टाचा कल असतो. म्हणून शक्यतो एकत्रच निघा आणि लवकरात लवकर २००५ च्या कायद्याच्या कलम २१ खाली तात्पुरता ताबा मागा.

शाळेचं अडणार नाही. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायद्यानुसार जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नव्या मुख्याध्यापकांना लेखी सांगून ठेवा की मुलाला कोण नेऊ शकतं. मुलांवरच अत्याचार होत असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा.

तो ‘बायको हरवली’ म्हणून तक्रार करेल, दागिने चोरले म्हणेल. काय करायचं?

हे जवळपास ठरलेलंच असतं. त्यामुळे आधीच पाऊल टाका. पोहोचल्यावर जवळच्या पोलीस ठाण्यात एक पानी अर्ज द्या: मी अमुक, सज्ञान, छळामुळे स्वखुशीने घर सोडले आहे, मुले माझ्यासोबत सुरक्षित आहेत, सोबत आणलेल्या वस्तूंची यादी ही, माझा सध्याचा पत्ता सासरी कळवू नये. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. बेपत्ता नोंदीवरून पोलिसांचा फोन आला तर हाच अर्ज दाखवून जबाब द्या. तुम्हाला नवऱ्याच्या ताब्यात देण्याचा अधिकार पोलिसांना नाही.

पोलीस फक्त ‘एनसी’ घेतात. गुन्हा कसा नोंदवायचा?

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर तपास होत नाही. पण तिची प्रत जपून ठेवा, अशा चार एनसी नंतर छळाचा क्रम दाखवतात. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे (त्याआधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ लागू) आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत. गुन्हा माहेरच्या गावातही नोंदवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात सांगितलं. ‘आमच्या हद्दीत नाही’ असं म्हणाले तर शून्य क्रमांकाने नोंद करायला सांगा, म्हणजे गुन्हा तिथेच नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद नाकारली तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना पोस्टाने पाठवा, पोचपावती ठेवा. त्यानेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. शेवटच्या घटनेपासून ३ वर्षं होऊ देऊ नका.

गुन्हा नोंदला म्हणजे लगेच अटक होते असं नाही. त्या रात्री तो घरीच असेल असं धरून स्वतःची सोय करा. जबाब सही करण्याआधी पूर्ण वाचा. ‘किरकोळ वाद’ असे शब्द जबाबात घुसतात आणि खटल्यात तेच पुढे केले जातात.

दवाखान्यात काय सांगायचं?

खरं ते सांगा: कुणी मारलं, कशाने, कधी. ‘जिन्यावरून पडले’ असं केसपेपरवर एकदा लिहिलं गेलं की वर्षभराने कोर्टात समोरचा वकील तोच कागद काढतो. सरकारी रुग्णालयात मेडिकोलीगल नोंद (पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद) करायला सांगा, केसपेपरची झेरॉक्स घ्या. वळ दोन-तीन दिवसांनी अधिक गडद दिसतात, तेव्हा पुन्हा फोटो काढा, चेहऱ्यासह आणि जवळून, दोन्ही.

गरोदर असाल आणि मूल नको असेल तर सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. वैवाहिक जबरदस्तीतून राहिलेल्या गर्भाबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये २४ आठवड्यांपर्यंतचा मार्ग मोकळा केला आहे.

कोर्टात अर्ज कसा करायचा? खर्च किती?

वकील मोफत मिळतो. बाईचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार ती पात्र आहे. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्ता यांच्या दाव्यांत महिलांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. कुणी ‘स्टॅम्पचे’ म्हणून मोठी रक्कम मागितली तर पावती मागा.

२००५ च्या कायद्याखालचा अर्ज कलम १२ प्रमाणे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा, तुम्ही सध्या तात्पुरत्या राहत असाल त्या ठिकाणीसुद्धा. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून देतात. तो नसला तरी आदेश देता येतो (सर्वोच्च न्यायालय, २०२२), म्हणून अहवालासाठी महिनोन्महिने थांबू नका. एकाच अर्जात संरक्षण (कलम १८), निवास (१९), खर्च (२०), मुलांचा ताबा (२१) आणि भरपाई (२२) मागता येते.

पहिली तारीख ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबत जातात. म्हणून अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशाची मागणी आणि प्रतिज्ञापत्र जोडाच. वकिलांना हे आठवणीने विचारा. अर्ज कुठे अडकतात ते आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. नवऱ्याचा पत्ता अर्धवट, त्यामुळे नोटीस बजावली जात नाही. कार्यालयाचा पत्ता, दुसरा नंबर, गावचं घर, सगळं लिहा. ‘सतत छळ करतो’ एवढंच लिहिलेलं. त्याऐवजी पहिली, सर्वांत वाईट आणि शेवटची घटना, तारीख किंवा निदान सणवार देऊन (‘२०२३ च्या गौरी-गणपतीत’) लिहा. खर्चाचा आकडा हवेतला. भाडं, शाळा, किराणा, औषधं, प्रवास असा हिशेब मांडा. आणि मालमत्ता-उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र, जे रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालापासून दोन्ही बाजूंना द्यावं लागतं, ते वेळेवर दिलेलं नसतं. नोकरी असेल तर लपवू नका. उघडकीला आलं की बाकी खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

संरक्षण आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रमाणित प्रत ठाण्यात द्या आणि एक प्रत सतत जवळ ठेवा.

पोटगीचा आदेश झाला, तरी तो पैसे देत नाही.

पगारदार असेल तर २००५ च्या कायद्याच्या कलम २०(६) खाली पैसे थेट मालकाकडून कापून मिळावेत असा अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालची पोटगी (पूर्वीचं कलम १२५) थकली तर वसुली वॉरंट निघतं आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी १ महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. ‘सगळी एकदम मागू’ म्हणत थांबलेल्या बायकांचे जुने महिने असेच बुडतात. दर सहा महिन्यांनी अर्ज टाका. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून अर्ज लवकर करण्यातच फायदा आहे.

दागिने परत मिळतात का?

माहेरून आणि सासरहून तुम्हाला मिळालेलं सोनं, भांडी, भेटी हे स्त्रीधन, मालकी फक्त तुमची. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ मध्येच सांगितलं आहे. सराफाची पावती नसेल तर लग्नाच्या अल्बममधून एकेक दागिना ओळखून यादी करा, अंदाजे वजनासह. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर निघण्याआधी त्यातला स्वतःचा ऐवज काढा आणि फोटो ठेवा.

‘नांदायला ये’ अशी नोटीस आली आहे. किंवा बैठकीत समझोता करा म्हणतात.

नोटीस फेकून देऊ नका. वकिलामार्फत उत्तर द्या आणि न येण्याची कारणं लिहा. नांदायला जाण्याचा हुकूम झाला तरी योग्य कारण असेल तर पोटगी मिळते, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं.

समझोत्याला बसणं तुमच्यावर बंधनकारक नाही. बसायचंच ठरलं तर अटी लेखी हव्यात आणि त्या पोलीस कक्षात किंवा कोर्टापुढे व्हायला हव्यात. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. ‘पोटगी नको, तक्रार नाही’ अशी ओळ त्यात हमखास असते. स्टॅम्पवरच्या सोडचिठ्ठीने सर्वसाधारणपणे हिंदू विवाह मोडत नाही. जातपंचायत वाळीत टाकण्याची धमकी देत असेल तर तो महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

लग्न झालेलं नाही, किंवा धर्म वेगळा आहे. चालेल?

२००५ चा कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. लग्नासारखं एकत्र राहिलेल्यांनाही, तसंच बहीण, आई, सून, विधवा वहिनी यांनाही. घटस्फोटित मुस्लिम महिलाही पोटगीच्या सर्वसाधारण कलमाखाली दाद मागू शकते, हे जुलै २०२४ मध्ये पुन्हा ठरलं आहे.

मी परदेशात आहे, पासपोर्ट त्याच्याकडे आहे.

पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो काढून भारतात पाठवा, पासपोर्ट गेला तर भारतीय दूतावास नवा देऊ शकतो. अमेरिकेत एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) असाल तर छळ सोसलेल्या पत्नीला स्वतंत्र कामाचा परवाना मागता येतो. न्यू जर्सीतली ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. ‘सुट्टीला चल’ म्हणून भारतात आणून तिथेच सोडून जाणं हा ओळखीचा प्रकार आहे. परतीचं तिकीट आणि मूळ कागद तुमच्या हातात नसतील तर विमानात बसू नका.

मी परत गेले तर पुढच्या वेळी कुणी मदत करणार नाही ना?

करतील. बऱ्याच बायका एका फटक्यात बाहेर पडत नाहीत. पैसे संपतात, मूल आजारी पडतं, तो रडतो. परत जाणं म्हणजे तक्रार खोटी होती असं होत नाही. जायचंच असेल तर कागद बाहेरच राहू द्या, नवं बँक खातं बंद करू नका, आणि अर्ज मागे घेण्याआधी वकिलाला विचारा. अर्ज पूर्ण मागे न घेता तारीख वाढवून घेता येते का ते बघा.

माझी मैत्रीण किंवा बहीण यात अडकली आहे. मी काय करू?

तिला मेसेजवर काही विचारू नका, तो वाचत असेल. एकटी भेटेल तेव्हा विचारा. एक साधा परवलीचा शब्द ठरवा, उदाहरणार्थ ‘पापडखार आहे का?’ असा फोन आला तर तुम्ही ११२ लावायचा. तिचे कागद आपल्याकडे ठेवा. नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नका, त्याचा राग रात्री तिच्यावर निघतो. तिचा पत्ता कुणालाही सांगू नका, ‘फक्त मुलाला बघायचंय’ म्हणणाऱ्या सासूलाही नाही. आणि आईवडील असाल तर तिला आजच सांगा की तिच्यासाठी या घरात जागा आहे, किती दिवस राहणार हे कुणी विचारणार नाही.